बलव्यायामातील पठारावस्था

बलव्यायामातील पठारावस्था म्हणजे नियमित व्यायाम चालू असूनही व्यायाम करणाऱ्याची शक्ती अनेक आठवडे वाढेनाशी होण्याची अवस्था. पूर्वीइतकेच वजन, पूर्वीइतक्याच वेळा, पूर्वीइतक्याच कष्टाने उचलले जाते. त्यात भर पडत नाही. व्यायामशाळेत या अवस्थेला ‘अडकणे’ किंवा ‘वजन थांबणे’ असे म्हटले जाते. नवशिक्याला पहिल्या काही महिन्यांत तिचा अनुभव क्वचितच येतो, परंतु वर्ष-दोन वर्षे सातत्याने व्यायाम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला केव्हा ना केव्हा येतो. पठारावस्था हा रोग नव्हे, आणि आळसाचा पुरावाही नव्हे. मात्र तिचे कारण न शोधता केवळ मेहनत वाढवत नेल्यास दुखापत, अतिश्रम आणि घातक औषधांचा मोह हे तीन धोके उद्भवतात.

संज्ञा

‘पठार’ ही उपमा मुळात अध्ययनाच्या मानसशास्त्रातली आहे. विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर या अमेरिकी संशोधकांनी तारायंत्र शिकणाऱ्यांच्या प्रगतीचे आलेख १८९७ व १८९९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत संदेश ग्रहण करण्याचा वेग काही काळ वाढून मध्येच सपाट झालेला आणि पुढे पुन्हा चढलेला दिसला. शिक्षणशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत ‘अध्ययनवक्रातील पठारावस्था’ म्हणून जो भाग येतो तो याच आलेखांवरून आलेला आहे. व्यायामशास्त्राने संज्ञा घेतली, पण साम्य अर्धेच आहे. तारायंत्र शिकणारा पठारावर असतानाही सराव करत राहिला की पुष्कळदा आपोआप वर चढतो. स्नायूंच्या बाबतीत तोच सराव तसाच चालू ठेवणे हेच अनेकदा पठाराचे कारण असते.

या लेखात एखादी हालचाल एकदा पूर्ण करण्याला ‘आवर्तन’ आणि न थांबता केलेल्या आवर्तनांच्या गटाला ‘फेरी’ म्हटले आहे. व्यायामशाळेत त्यांना अनुक्रमे ‘रेप’ आणि ‘सेट’ म्हणतात.

खरे पठार आणि भासमान पठार

एका आठवड्यात वजन वाढले नाही, एवढ्यावरून पठार ठरत नाही. झोप, उन्हाळा, परीक्षा, उपवास, शेतातील कामाची घाई यांमुळे शक्तीत रोज थोडा चढउतार होतच असतो. सामान्यतः तीन ते चार आठवडे, त्याच पद्धतीने आणि त्याच विश्रांतीने केलेल्या व्यायामात काहीच वाढ झाली नाही, तर पठाराचा विचार करावा. त्यासाठी तारीख, वजन, आवर्तने आणि फेऱ्यांमधील विश्रांती यांची नोंद असलेली वही लागते. वही नसलेल्याचे पठार बहुधा स्मरणशक्तीवर उभे असते.

वजन न वाढताही शक्ती वाढलेली असू शकते. एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाचा अंदाज काढण्यासाठी एपली यांचे सूत्र वापरले जाते: उचललेल्या वजनाच्या तिसाव्या भागाला आवर्तनांच्या संख्येने गुणावे आणि तो गुणाकार मूळ वजनात मिळवावा. बेंच प्रेसमध्ये ६० किलो वजन ५ वेळा उचलणाऱ्याची अंदाजी कमाल ७० किलो येते. तेच वजन ८ वेळा उचलणाऱ्याची ७६ किलो. दोघांच्या बारवर प्लेटा सारख्याच आहेत, पण दुसरा पहिल्याच्या पुढे आहे. दहापेक्षा अधिक आवर्तने असतील तेथे हे सूत्र फारसे विश्वासार्ह राहत नाही.

भासमान पठाराचे आणखी एक कारण अगदी साधे, म्हणजे प्लेटांचा आकार हे आहे. लहान गावांतील बहुतेक व्यायामशाळांत सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना एकेक लावली की वजन एकदम ५ किलोंनी वाढते. १०० किलोंची डेडलिफ्ट करणाऱ्याला ही वाढ ५ टक्के आहे. ३० किलो डोक्यावर ढकलणाऱ्याला ती जवळजवळ १७ टक्के होते. असा विद्यार्थी ३० वर अडकतो आणि आपली वाढ खुंटली असे समजतो. वस्तुतः त्याच्यासमोरची पायरीच उंच असते. एक किलोची किंवा अर्ध्या किलोची प्लेट मिळवणे, ती नसल्यास मोजून भरलेल्या वाळूच्या छोट्या पिशव्या बारच्या दोन्ही टोकांना पक्क्या बांधणे, हा त्यावरचा सरळ उपाय आहे. स्पर्धात्मक भारोत्तोलनातही पूर्वी वजन अडीच किलोंच्या टप्प्याने वाढवत. २००५ पासून एक किलोचा टप्पा मान्य झाला. या एका किलोचे मोल किती, हे सांगलीच्या संकेत सरगर यांच्या कामगिरीवरून कळते. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्यांनी स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ असे एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक मिळवणाऱ्या मलेशियाच्या अनिक कस्दान यांची बेरीज २४९ होती. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात सरगर यांच्या उजव्या कोपराला दुखापत झाली होती.

शरीरात काय घडते

व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत शक्ती वाढते ती मुख्यतः स्नायू जाड झाल्यामुळे नव्हे. मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंतील अधिक तंतूंना एकाच वेळी कामाला लावण्यास शिकतात, विरोधी स्नायूंचा अडथळा कमी होतो, हालचाल अंगवळणी पडते. मोरितानी आणि डेव्हरीस यांनी १९७९ मध्ये मज्जासंस्थेचा वाटा आधी आणि स्नायूवाढीचा वाटा नंतर, असा हा क्रम दाखवून दिला. स्नायूंची वाढ सावकाश होणारी आहे. त्यामुळे मज्जासंस्थेकडून मिळणारी झटपट वाढ ओसरली की आलेख आडवा होऊ लागतो. व्यायाम सोडून देणाऱ्यांपैकी पुष्कळजण नेमके याच वळणावर सोडतात.

दुसरी प्रक्रिया थकव्याची आहे. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ताणाला शरीर कसा प्रतिसाद देते याची मांडणी केली: प्रथम धक्का, मग प्रतिकार, आणि ताण थांबलाच नाही तर शेवटी क्षीणता. व्यायाम हा एक ताणच आहे. त्यानंतरच्या विश्रांतीत शरीर झीज भरून काढते आणि थोडे अधिक सक्षम होते. पुढचा ताण त्यानंतर यावा लागतो. तो फार लवकर येत राहिला तर थकवा साचतो. साचलेल्या थकव्याखाली कमावलेली शक्ती झाकली जाते, नष्ट होत नाही. म्हणूनच लग्नकार्यामुळे आठवडाभर व्यायामशाळेत न गेलेला तरुण परत आल्यावर पूर्वीपेक्षा जास्त वजन उचलतो आणि स्वतःच चकित होतो.

तिसरे कारण उलट दिशेचे, म्हणजे ताण अपुरा असण्याचे आहे. ज्या वजनाला शरीर सरावले ते वजन आता शरीराकडे काहीच मागत नाही. क्रोटन येथील मायलो हा ग्रीक मल्ल वासरू रोज खांद्यावर घेऊन फिरत असे आणि त्याचा बैल होईपर्यंत ते उचलत राहिला, ही दंतकथा वाढत्या भाराचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते. ही कल्पना आधुनिक वैद्यकात आणली अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डेलॉर्म यांनी. दुसऱ्या महायुद्धात गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांना हलक्या व्यायामाऐवजी क्रमाने वाढत जाणारे वजन देऊन त्यांनी बरे केले आणि ती पद्धत १९४५ मध्ये प्रसिद्ध केली. मायलोच्या कथेत मात्र एक खोच आहे. वासराची वाढ माणसाच्या सोयीने होत नाही, आणि बैलाचीही वाढ एके दिवशी थांबते.

तालमीतील अनुभव

महाराष्ट्रात बलसंवर्धनाची परंपरा लोखंडी बारपेक्षा फार जुनी आहे. जोर, बैठका, सपाट्या, मुद्गल, जोडी, करेला, मल्लखांब, दोरावर चढणे आणि आखाड्याची माती फावड्याने उकरणे हे तालमीतील नेहमीचे व्यायाम. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोदे येथून १९३६ ते १९४९ या काळात प्रसिद्ध केलेल्या दहा खंडांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’त या परंपरेचे सविस्तर वर्णन आहे.

पठारावस्थेच्या दृष्टीने जोर आणि बैठका यांचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. दोन्हींत भार म्हणजे स्वतःच्या शरीराचे वजन, आणि ते दिवसागणिक वाढत नाही. वाढते ती संख्या. शंभराच्या दोनशे, दोनशेच्या पाचशे बैठका झाल्या की दम, चिकाटी आणि गुडघ्यांभोवतालची सहनशीलता वाढते. पण एकाच उठावात लागणारी कमाल शक्ती एका टप्प्यानंतर फारशी वाढत नाही. कुस्तीला दम लागतो, म्हणून मल्लांना ही विभागणी सोयीची ठरली. परंतु केवळ बैठकांच्या जोरावर भारी स्क्वॉट करू पाहणारा आज जेव्हा अडकतो, तेव्हा आणखी दोनशे बैठका हा त्यावरचा इलाज नसतो.

जुन्या वस्तादांना हे अनुभवाने ठाऊक होते असे तालमीतील साधनांवरूनच दिसते. जोडीदाराला खांद्यावर बसवून बैठका मारणे, एका वजनाचे मुद्गल हलके वाटू लागल्यावर त्याहून जड जोड घेणे, दगडी नाल उचलणे या सर्वांत संख्येऐवजी भार वाढवला जातो. पाय उंचावर ठेवून मारलेले जोर भार न आणताही भार वाढवतात, कारण शरीराच्या वजनाचा अधिक हिस्सा हातांवर येतो. साधनांचा खर्च शून्य असल्यामुळे खेड्यातील विद्यार्थ्याला हा मार्ग आजही खुला आहे. एक उणीव मात्र तालमीच्या परंपरेत होती: मोजमाप आणि लेखी नोंद तुरळक होती, आणि थकलेल्या पठ्ठ्याला ‘अजून मार’ हाच उपदेश पुष्कळदा मिळे.

कष्ट तेवढेच ठेवून कष्टांचे स्वरूप बदलल्यास काय होते, याचे सर्वपरिचित मराठी उदाहरण खाशाबा जाधव यांचे आहे. कराडजवळील गोळेश्वर येथे १९२६ मध्ये जन्मलेले जाधव मातीत घडलेले मल्ल होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात त्यांचा सहावा क्रमांक आला. तेथे मॅटवरील कुस्ती आणि आंतरराष्ट्रीय नियम त्यांना नवखे होते. अमेरिकी मल्ल रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. पुढील चार वर्षांनी हेलसिंकी येथे ते त्याहून वरच्या, ५७ किलोंच्या बँटमवेट गटात उतरले आणि २३ जुलै १९५२ रोजी त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. हे उदाहरण निव्वळ शक्तिवाढीचे नाही, कौशल्याचेही आहे. परंतु ज्या गोष्टीत परीक्षा द्यायची त्याच गोष्टीचा सराव हवा, हे व्यायामशास्त्रातील विशिष्टतेचे तत्त्व त्यातून स्पष्ट होते. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत आजही माती आणि गादी असे दोन स्वतंत्र विभाग असतात, ते याचमुळे. डिसेंबर २०१८ मध्ये जालना येथे झालेल्या या स्पर्धेत बाला रफिक शेख यांनी अभिजित कटके यांना हरवून गदा पटकावली.

पठार ओलांडण्याचे उपाय

उपायांना क्रम आहे, आणि तो बहुधा उलटा पाळला जातो. अडकलेला मनुष्य प्रथम व्यायाम वाढवतो, मग डबाबंद पूरके विकत घेतो, आणि झोपेचा विचार सर्वांत शेवटी करतो. वास्तविक आरंभ विश्रांतीपासून करावा, कारण तिला पैसे पडत नाहीत आणि तिचा निकाल आठवडाभरात कळतो.

या विश्रांतीसाठी ‘हलका आठवडा’ पाळतात; व्यायामशाळेत त्याला ‘डीलोड’ असे नाव आहे. व्यायाम बंद करायचा नसतो. फेऱ्या निम्म्यावर आणायच्या आणि वजन सुमारे दहा ते वीस टक्के कमी करायचे, एवढेच. त्यानंतर शक्ती उसळी घेऊन वर आली, तर पठार थकव्याचे होते असे समजावे. काहीच फरक पडला नाही, तर झोप आणि आहार तपासावा. प्रौढांना रात्री किमान सात तास झोप आवश्यक मानली जाते. रात्रपाळी करणाऱ्या किंवा मोबाइल हातात घेऊन मध्यरात्र उलटवणाऱ्या तरुणाचे पठार व्यायामशाळेत सुटत नाही.

विश्रांती, झोप आणि अन्न ही तिन्ही पुरेशी असल्याची खात्री झाली, म्हणजे मग भाराच्या रचनेला हात घालावा. वर्षाचे टप्पे पाडून भार आणि आवर्तने चढउतार करत नेण्याची पद्धत सोव्हिएत क्रीडाशास्त्रज्ञ लेव्ह मात्वेयेव्ह यांनी १९६० च्या दशकात शास्त्रीय स्वरूपात मांडली. तिचे सोपे रूप असे: बेंच प्रेसमध्ये ६० किलो ५ वेळा, यावर अडकलेल्याने हलक्या आठवड्यानंतर ५० किलोंपासून ८ आवर्तनांनी पुन्हा सुरुवात करावी. पुढील आठवड्यांत ५२.५ किलो ८ वेळा, ५५ किलो ६ वेळा, ५७.५ किलो ६ वेळा असे चढत सहाव्या आठवड्याच्या सुमारास ६० किलोंवर यावे आणि त्यानंतर ६१ किलो ५ वेळा उचलण्याचा प्रयत्न करावा. महिनाभर मागे येण्याची ही कल्पना तरुणांना मानवत नाही; बरोबरीच्या मुलांसमोर बारवरच्या प्लेटा उतरवणे त्यांना कमीपणाचे वाटते. उपाय फसतो तो बहुतेक वेळा याच ठिकाणी.

आठवड्यात एकाच व्यायामाचा एक जड आणि एक हलका दिवस ठेवणे हा दुसरा मार्ग आहे. उचल नेमकी कोठे अडते हे पाहणेही उपयोगी पडते. बेंच प्रेसमध्ये बार छातीवरून सुटतच नसेल, तर छातीजवळ क्षणभर थांबून हलक्या वजनाने केलेली आवर्तने कामी येतात. मध्यावर अडत असेल, तर दंडामागील स्नायू कमजोर असण्याचा संभव असतो. डेडलिफ्टमध्ये पुष्कळांची पाठ आणि पाय समर्थ असतात, पण बोटांची पकड सुटते. पकडीसाठी दोरावर चढणे आणि मल्लखांब यांहून चांगली साधने कमीच सापडतील.

व्यायाम खरोखर अपुरा पडतो आहे अशीही स्थिती असते. आठवड्यातून एकदाच पाय करणारा, प्रत्येक फेरी दम लागण्यापूर्वीच थांबवणारा किंवा वर्षभर तेच वजन घेऊन त्याच तीन फेऱ्या करणारा थकलेला नसतो. त्याने फेऱ्या वाढवाव्यात, अर्थात एकदोन करूनच. मात्र दर पंधरवड्याला संपूर्ण व्यायामक्रमच बदलणे हा उपाय नव्हे. त्यामुळे पठार मोडत नाही, फक्त ते मोजता येईनासे होते.

आहार

वजनी व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने मिळाली तर त्यापलीकडे वाढ करून स्नायूवाढीत फारसा लाभ होत नाही, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक विश्लेषणातून दिसून आले. ६० किलो वजनाच्या विद्यार्थ्यासाठी हा आकडा ९६ ग्रॅम होतो. मराठवाड्यातील साध्या जेवणात तो अशक्य नाही. दिवसाच्या भाकरींना लागणाऱ्या २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठातून सुमारे २० ग्रॅम, १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीतून २२, ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून १२, ५० ग्रॅम मटकीतून १२, अर्धा लिटर दुधातून १६ आणि दोन अंड्यांतून १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. बेरीज ९४ ग्रॅमवर जाते. अंडी न खाणाऱ्याला मूठभर फुटाण्यांनी ही उणीव भरून काढता येते. अडचण असते ती डाळीच्या प्रमाणाची: वरण पातळ आणि भात भरपूर अशा ताटात १०० ग्रॅम डाळ जात नाही.

प्रथिनांइतकीच एकूण अन्नाची मात्रा महत्त्वाची आहे. वजन घटवण्यासाठी कमी खाणाऱ्याची शक्ती वाढत नसेल, तर ते पठार नसून हिशेब आहे. पहिलवानांच्या खुराकात दूध, तूप आणि बदामाची थंडाई यांना जे स्थान होते, ते प्रचंड मेहनतीची भरपाई म्हणून होते. मेहनत न करता खुराक तेवढाच घेतल्यास चरबी वाढते.

धोके

बलव्यायाम करणाऱ्या ग्रामीण तरुणांपुढे शरीरसौष्ठवाखेरीज आणखी एक प्रत्यक्ष उद्दिष्ट असते, ते पोलीस भरतीचे. महाराष्ट्र पोलीस शिपाई पदाच्या ५० गुणांच्या शारीरिक चाचणीत गोळाफेकीला १५ गुण आहेत. पुरुषांसाठी गोळा ७.२६ किलोंचा आणि महिलांसाठी ४ किलोंचा असतो. परीक्षा जवळ आलेली आणि फेक महिनाभर त्याच अंतरावर अडलेली, अशा वेळी उतावीळपणा स्वाभाविक असतो. पण गोळाफेक हे शक्तीइतकेच तंत्राचे काम आहे. अडलेल्या फेकीत पायांचा रेटा, कमरेची फिरकी आणि गोळा सोडण्याचा कोन तपासल्याशिवाय खांद्याचा व्यायाम दुप्पट करणे व्यर्थ असते, आणि शेवटच्या आठवड्यांत दुखावलेला खांदा संपूर्ण वर्ष वाया घालवू शकतो.

सवय नसताना जिद्दीने एकाच दिवशी शेकडो बैठका मारल्यास स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळतात आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. अशा व्यायामानंतर मांड्यांना असह्य वेदना व सूज आणि लघवीचा रंग काळपट तांबडा झालेला आढळला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. विश्रांती घेऊनही अनेक आठवडे टिकणारा थकवा, झोपमोड, सकाळी वाढलेले नाडीचे ठोके आणि व्यायामाचा कंटाळा ही अतिश्रमाची लक्षणे मानली जातात. रक्तक्षय किंवा थायरॉइडच्या विकारातही थकवा येतो, म्हणून तपासणी करून घेणे योग्य. मुलींमध्ये पाळी अनियमित होणे किंवा थांबणे हे अन्न अपुरे पडत असल्याचे चिन्ह असू शकते.

पठारावर अडकलेल्या तरुणाला सर्वांत सहज सुचवला जाणारा आडमार्ग म्हणजे ॲनाबॉलिक स्टेरॉइडची इंजेक्शने आणि गोळ्या. त्यांनी शक्ती वाढते हे खरे आहे, आणि ते लपवून उपयोग नाही. बाहेरून संप्रेरक मिळू लागताच शरीर स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनवणे थांबवते, वृषणे आक्रसतात, शुक्राणूंची संख्या घटते. रक्तदाब आणि घातक कोलेस्टेरॉल वाढते, हृदयाचा स्नायू जाड होतो, गोळ्यांमुळे यकृताला अपाय होतो. वाढ पूर्ण न झालेल्या मुलांत हाडांची टोके वेळेआधी मिटून उंची कायमची खुंटू शकते. औषध थांबवल्यावर कमावलेल्या शक्तीचा बराच भाग जातो आणि नैराश्य येऊ शकते. त्यामुळे अचानक थांबवतानाही डॉक्टरांचा सल्ला आवश्यक ठरतो. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणे भारतात बेकायदेशीर आहे. स्पर्धकांना राष्ट्रीय उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेची, म्हणजे ‘नाडा’ची, चाचणी लागू होते आणि २०२२ च्या अधिनियमाने या यंत्रणेला वैधानिक आधार मिळाला आहे. लेबलवर उल्लेख नसलेली बंदी असलेली द्रव्ये पूरकांच्या डब्यांत सापडल्याची उदाहरणे जगभर आहेत. मात्र ‘मला ठाऊक नव्हते’ एवढे म्हटल्याने खेळाडूची जबाबदारी संपत नाही.